पायथन मॉड्यूल देताना सगळ्या लायब्ररी आतच भराव्यात का?

शिरोलीकर:
परवा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तोंडघशी पडलो. कास्टिंगचे फोटो तपासणारं आमचं सी++ मॉड्यूल ऑफिसात उबुंटू लिनक्स २२.०४ वर बांधलेलं (कंपाइल केलेलं). तिथल्या पीसीवर २०.०४, नेट नाही. इम्पोर्ट केलं की लगेच 'ग्लिबसी २.३४ सापडत नाही' (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). आमच्याकडे २.३५, त्यांच्याकडे २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. माहीत असून चुकलो. मालक म्हणाले, "काल तर चालतंय म्हणालास की."

आता माझं मत ठाम आहे. बाहेर द्यायचं मॉड्यूल मेनीलिनक्सच्या कंटेनरातच (बहुतेक लिनक्सवर चालावं म्हणून मुद्दाम जुनी ग्लिबसी ठेवलेल्या) बांधायचं आणि ऑडिटव्हील या टूलनं सगळ्या लायब्ररी व्हीलमध्ये, म्हणजे पायथनच्या तयार पॅकेज फाइलमध्ये, कोंबायच्या. ग्राहकाच्या मशीनवर कंपायलर शोधत बसायचं नाही.

रंकाळा_रूट:
कंटेनर मान्य, कोंबणं अजिबात नाही. आत घातलेली ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) तुझ्या गळ्यात पडते. तिच्यात भोक सापडलं तर उबुंटूवाले त्यांची दुरुस्त करतील, तुझ्या व्हीलमधली शिळीच राहील. ओपनएसएसएलमधलं २०१४ चं हार्टब्लीड नावाचं भोक विसरलास? पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी२ चं तर जगजाहीर आहे. व्हीलमधली एसएसएल आणि पायथनची एसएसएल एकाच प्रोसेसमध्ये भिडायच्या, प्रोग्रॅम कोसळायचा. शेवटी त्यांनी बायनरी वेगळ्या नावानं काढली आणि प्रॉडक्शनला सोर्सवरून बांधा म्हणून सांगितलं.

गुळाची_ढेप:
पुण्याला जाताना कांदा-लसूण चटणीची बरणी बॅगेत टाकतोच की आपण. आकडेमोडीचं नमपाय स्वतःची ओपनब्लास ही गणिताची लायब्ररी घेऊन फिरतं, तुला कधी अडलंय?

रंकाळा_रूट:
चटणी नेतोस, पाणी नेतोस का? ग्लिबसी ऑडिटव्हीलसुद्धा आत घेत नाही, ती ज्याच्या घरी जाशील त्याचीच.

पापाची_तिकटी:
अख्खा प्रोग्रॅम डॉकर कंटेनरात घालून द्या आणि सुटा की राव.

शिरोलीकर:
त्या पीसीवर डॉकर कोण सांभाळणार, मालक?

ग्लिबसीचं म्हणाल तर मेनीलिनक्स २०१४ हा कंटेनर म्हणजे सेंटओएस ७ लिनक्स, ग्लिबसी २.१७. पण सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्येच संपला. मेनीलिनक्स २_२८ वाला अल्मालिनक्स ८ वर आहे, ग्लिबसी २.२८, फौंड्रीतल्या २.३१ ला तो पुरतो. तोच घेतोय. (अल्पाइन लिनक्सवाल्यांनी वाद घालू नये. तिथं ग्लिबसी नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. त्याला मसललिनक्सचं वेगळं व्हील लागतं.)

रंकाळा_रूट:
आणि ओपनएसएसएल? ऑडिटव्हीलला एक्सक्लूड लावून बाहेर ठेवशील तर २०.०४ वर १.१ आणि २२.०४ वर ३.० आहे, हे ध्यानात ठेव. म्हणून म्हणतो, जिथं चालवायचं तिथल्याच उबुंटूवर बांध.

शिरोलीकर:
सहा फौंड्रींसाठी सहा बिल्ड? जमायचं नाही.

पण कुठल्या लायब्ररी लागतात ते आत्ता 'ऑडिटव्हील शो' चालवून बघितलं. ओपनएसएसएल येतेय लिबकर्ल या नेटवरून फाइल पाठवणाऱ्या लायब्ररीमुळं, आणि लिबकर्ल कशाला, तर रिपोर्ट अपलोड करायला. नेट नसलेल्या पीसीवर! ते काढतोय. फोटो तपासणारी ओपनसीव्ही लायब्ररी मात्र आतच राहणार.

रंकाळा_रूट:
काढ. पण ओपनसीव्हीबरोबर आणखी काय काय आत गेलं ती यादी टाक इथं, मग बोलू.