पातेरा जाळायचा नाही, तर ठेवायचा कुठे?

परसदार_गुहागर
अर्ध्या एकराचं आगर. आठ माड, चाळीसेक पोफळी, दोन फणस, तीन आंबे. पुढे रेवट जमीन, मागे जांभा. थंडी सरली की रोज टोपल्यांनी पातेरा (गळलेला वाळका पाला) निघतो आणि संध्याकाळी पेटवला जातो. हे थांबवायचं आहे. पण घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं, की ढीग ठेवला की फुरसं (विषारी साप) येतं, वाळवी लागते आणि माडावर गेंड्या भुंगा चढतो. तिन्ही गोष्टी खोट्या नाहीत. आंब्याची पानं तर वर्ष झालं तरी कुजत नाहीत. शिवाय विहीर एप्रिलच्या मध्याला तळ गाठते. नेमकं काय करावं?

माड_आणि_माती
सगळा पातेरा एकत्र लोटला की गणित चुकतं. झावळी, सोडण (नारळाची सुकी साल), आंब्याचं पान, प्रत्येकाची जागा वेगळी.

झावळ्या सगळ्यात सोप्या. दोन-तीन तुकडे करून माडाच्याच आळ्यात टाका. दहा-पंधरा झावळ्यांत एक आळं झाकतं आणि माड वर्षाला साधारण बाराएक झावळ्या टाकतो, म्हणजे ज्याचं त्याला पुरतं. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा. वाळवी मेलेल्या पाल्यावर येते. मोठ्या माडाला ती फारसं काही करत नाही, पण पाला टेकलेला असेल तर कोवळं रोप नक्की खाते.

सोडणं बंबात जातात, ती निम्मी तरी वाचवा. आळ्यावर पसरायची तर पाठ वर, पोट खाली, दोन थर. मातीत पुरायची तर उलट: पोट वर, म्हणजे वाटीसारखं पाणी धरतात. १.८ ते २ मीटर त्रिज्येच्या आळ्याला अडीचशे-तीनशे सोडणं लागतात. आठ माडांचे नारळ घरीच सोललेत तर वर्षाला दोनेक आळी होतील. गुण पाच-सात वर्षं टिकतो, तेव्हा घाई नको.

वेळ मात्र चुकवू नका. आच्छादन दिवाळीनंतर, जमिनीत ओल असतानाच घालायचं. बरेच जण मार्चमध्ये माती फुफाटा झाल्यावर घालतात. मग शिंपण्याचं पाणी पाल्यातच मुरतं, मुळापर्यंत उतरत नाही, आणि दोष आच्छादनाला जातो.

राखेबद्दलही एक सांगतो. राखेत पालाश उरतो हे खरं, पण नत्र आणि गंधक धुरातून निघून जातं. उरलेली राख पहिल्या वळवाच्या सरीत उतारावरून थेट पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात.

कुजवण
आंब्याच्या पानाला मेणचट कातडी असते आणि वाळलेल्या पानात नत्र फार कमी. नुसत्या पानांचा ढीग म्हणून बसून राहतो. सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे: पातेरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. पानं तुडवली जातात, मूत शोषतात, आणि कमी पडणारं नत्र तिथेच मिळतं. गुरं नसतील तर वजनाने दहा भाग पाल्याला एक भाग शेण घ्या, सोबत कुंपणावरच्या गिरीपुष्पाचा ओला पाला. पाला आधी रात्रभर भिजवा.

कोकणात खड्डा खणू नका. जूनमध्ये त्याची टाकी होते, कुजण्याऐवजी सडतं आणि वास सुटतो. चिऱ्यांचे दोन थर रचून जमिनीच्या वर हौद करा, वर झापांचं छप्पर. ओल किती? मूठभर पाला पिळला की एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. पंधरवडाभर शेणात मुरू द्या. आतली गरमी उतरल्यावरच गांडुळं सोडा, आधी सोडलीत तर मरतात. टनाला साधारण किलोभर गांडुळं पुरतात. तिथून पुढे दोन-अडीच महिने.

गेंड्या भुंग्याचं तुमच्या घरच्यांचं म्हणणं अगदी बरोबर. त्याची अळी कुजत्या शेणखतात वाढते. म्हणून हौद माडापासून लांब ठेवा, वर बारीक जाळी घाला, आणि महिन्यातून एकदा ढीग परता. वाकडी, पांढरी, जाडजूड अळी दिसली की वेचून कोंबड्यांना. पडलेल्या माडाचं कुजकं खोड आगरात ठेवू नका, भुंग्याची पैदास तिथेही होते. माडाच्या शेंड्यातल्या आतल्या तीन पानांच्या बगलांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून भरावी. वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर, डिसेंबर.

कातळकडा
फुरशाला ढिगापेक्षा चिऱ्यांच्या फटी आणि गडग्याचा (दगडी कुंपणाचा) सुटा दगड जास्त आवडतो. तरीही खळ्यापासून, पायवाटेपासून आणि लाकडांच्या माचापासून पाला दूरच असावा. घराभोवती दहा-बारा हात पट्टा झाडून स्वच्छ. पाला दाताळ्याने ओढायचा, हाताने कवळ घालायची नाही. पायात बूट, संध्याकाळी बॅटरी. चावलंच तर बांधू नका, जखमेला चीर देऊ नका, पाय हलवू न देता थेट दवाखान्यात.

दोडामार्ग-बांदा भागात कोणी हे वाचत असेल तर वरचा गोठ्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. रानातला पातेरा गोठ्यात आणणं म्हणजे गोचिडी घरी आणणं. परसातलाच वापरा.

परसदार_गुहागर
आभारी आहे, हे घरी वाचून दाखवतो. दोन शंका राहिल्या. भाजावळीला (भाताची रोपं करायची जागा पाला पेटवून भाजायला) शेजारी पातेरा मागतात, तो द्यावा का? आणि मोरीचं पाणी माडाला चालेल का?

माड_आणि_माती
मोरीचं आधी. माडाला उन्हाळ्यात चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी लागतं. चार माणसं बादलीने अंघोळ करतात म्हटलं तर दिवसाला ८० लिटर, चार दिवसांचे ३२०. म्हणजे दीड माड फुकट भिजतो! कपड्यांच्या पावडरीचं पाणी एकाच आळ्यात रोज सोडू नका, सोडियमने माती घट्ट होते. आळी आलटून पालटून घ्या. केळ, अळू चालेल, रोपांना नको. विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत काहीच मुरवू नका. जांभा भोकाळ असतो, पाणी गाळल्याशिवाय खाली उतरतं.

कुजवण
भाजावळीचा खरा उपयोग तण मारायला. त्याऐवजी पाऊस लागण्याआधी दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेला एक-दोनदा पाणी देऊन तण उगवून घ्यायचं आणि खुरपून टाकायचं. मग मीटरभर रुंद, आठ-दहा सेंटिमीटर उंच गादीवाफे करून कुजलेलं खत मिसळून पेरणी. बियाणं तीन टक्के मिठाच्या पाण्यात (दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ) टाकून तरंगेल ते फेका, उरलेलं साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवा. धुवायचं राहिलं तर उगवण मार खाते. शेजाऱ्याला यंदा एक वाफा असा करून बघायला सांगा. तोवर पातेरा मागितला तर द्या, त्यावरून भांडण नको. फक्त त्यात प्लास्टिक नाही ना, तेवढं आधी बघा.