मदत हवी आहे: अमेरिकन गायक सॅम कुकचा 'नाइट बीट' नीट कसा ऐकायचा?

१९६३ चा हा अल्बम महिनाभर रोज रात्री हेडफोनवर ऐकतोय, आणि त्यातलं 'लॉस्ट अँड लुकिन' लागलं की अंगावर काटाच येतो, मागे फक्त बास आणि सिंबल, बाकी सगळी मदार गळ्यावर. पण कुक शब्द तालाच्या जरा मागे सोडतो तरी पुढची सम चुकत नाही, हे कसं ते कळत नाहीये. टाळी धरून झालं, स्पीड कमी करून झालं. सोल स्टिरर्स या गटासोबतची त्याची आधीची गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) गाणी पण ऐकली, तिथला जोर इथे त्याने मुद्दाम आवरलाय असं वाटतं. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, पेटीवर सूर काढता येतात. तर कान तयार करायला यातलं कुठलं गाणं आधी घेऊ, आणि ठेका बासवर धरू की ड्रमवर?