आठवीनंतर मुलीचा अभ्यास घरी घ्यायचा आहे; दहावी कोणत्या मंडळाची करावी?

खानापूरची आई

माझी मुलगी यंदा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झाली. पहिलीपासूनचे तिचे सर्व शिक्षण याच तालुक्यात झाले आहे. तिला लहान वयातील संधिवात आहे आणि पावसाळ्यात सांधे इतके धरतात की सकाळची एस. टी. गाठणे, उभ्याने प्रवास करणे आणि दिवसभर बाकावर बसणे तिला झेपत नाही. हायस्कूल गावापासून दूर आहे. एस. एस. एल. सी.ला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीला, बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि तेवढी ती भरेल असे आम्हाला वाटत नाही.

तिचे वडील बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात काम करतात; त्यांच्याकडून ऐकून ऐकून तिला यंत्रांची गोडी लागली आहे आणि पुढे अभियांत्रिकी करावी असे तिच्या मनात आहे. नववी-दहावी, आणि जमल्यास बारावीपर्यंत, घरी शिकवावे असा विचार आम्ही करीत आहोत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एन. आय. ओ. एस.ची दहावी करावी की कर्नाटकाचीच एस. एस. एल. सी. बाहेरून द्यावी? घरी शिकलेल्या मुलीला पुढे सी. ई. टी.ने प्रवेश घेताना अडचण येते का? आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीत कसा वळवावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

दाखला-दप्तर

ताई, मी बेळगावातील एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात बरीच वर्षे काम केले आहे. पालक प्रथम पुस्तकांचा विचार करतात आणि कागदपत्रांचा विचार बारावीनंतर करतात. सीमाभागात हा क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण आपल्या मुलांपुढे कर्नाटक, महाराष्ट्र आणि अखिल भारतीय परीक्षा असे तीन मार्ग असतात आणि तिन्हींच्या अटी वेगवेगळ्या आहेत.

कर्नाटकाच्या सी. ई. टी.तून सरकारी कोट्यातील जागा हवी असेल, तर साधारण नियम असा आहे की विद्यार्थ्याने पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळांत शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. तुमच्या मुलीची आठ वर्षे शाळेत पूर्ण झाली आहेत, म्हणजे पहिली अट भागली आहे. ज्यांनी पाचवीतच मूल शाळेतून काढले, त्यांची खरी पंचाईत होते. मात्र टी. सी. घेतानाच शाळेकडून सर्व वर्षांचे अभ्यास प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्यावर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करून ठेवावी. नंतर मुख्याध्यापक बदलतात, हजेरीपटाची जुनी वही सापडत नाही आणि जून महिन्यात त्या एका कागदासाठी पालक कार्यालयात रांगा लावतात.

आता महाराष्ट्राची बाजू. तेथील अभियांत्रिकी प्रवेशात विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ हा प्रकार आहे. त्याची अट अशी आहे की दहावी किंवा बारावी सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झालेली असावी. या वाक्यातील ‘संस्था’ हा शब्द नीट वाचावा. मुक्त विद्यालयाचे प्रमाणपत्र देशभर मान्य आहे, पण ते खानापूरच्या शाळेने दिलेले नसते. त्यामुळे दहावी आणि बारावी दोन्ही मुक्त विद्यालयातून करणार असाल, तर या सवलतीबाबत महाराष्ट्राच्या प्रवेश यंत्रणेकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

माझे मत स्पष्ट आहे: दोहोंपैकी किमान एक परीक्षा येथील शाळेतून किंवा कॉलेजातून व्हावी. कोणती, ते मुलीच्या प्रकृतीवर ठरवा.

घरचीशाळा_निपाणी

वरील प्रतिसाद योग्य आहे, पण तो वाचून मुक्त विद्यालय म्हणजे काही कमी दर्जाचा आडमार्ग आहे, असा समज होऊ नये. माझ्या मुलाने दहावी आणि बारावी दोन्ही तेथूनच केल्या.

दहावीला किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत एक किंवा दोन भाषा असतात. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा उपलब्ध आहेत, आणि दहावीचे माध्यमही मराठी ठेवता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते व तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात. सांधे धरले म्हणून एक विषय पुढच्या खेपेला ढकलला, तरी मुलगी नापास ठरत नाही. तुमच्या मुलीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. प्रत्येक विषयात वीस टक्के गुण घरून लिहून द्यावयाच्या स्वाध्यायांना असतात. ते शेवटच्या आठवड्यात उरकू नयेत.

येथे एक सापळा आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य इतके आहे की गणित वगळूनही दहावी होते, आणि अवघड विषय टाळण्याचा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. अभियांत्रिकी करायची असेल तर दहावीला गणित व विज्ञान आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी हे विषय असलेच पाहिजेत. जे. ई. ई. मेन्स या अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाची बारावी किमान पाच विषयांसह ग्राह्य आहे, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. पुढे एन. आय. टी. किंवा आय. आय. टी.च्या प्रवेशासाठी खुल्या गटात बारावीला पंचाहत्तर टक्के गुणांची किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे. स्वाध्याय आणि प्रात्यक्षिकांचे गुण तेथे उपयोगी पडतात.

परदेशी पालकांचे लेख वाचून काही जण आईवडिलांनीच तयार केलेल्या गुणपत्रिकेची कल्पना मांडतात. अमेरिकेत तशी पद्धत आहे. आपल्याकडे मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवेशाचा अर्जही पुढे सरकत नाही.

निवृत्त गणितशिक्षक, शहापूर

अभ्यासाविषयी लिहितो, कारण प्रश्नातील तो भाग मागे पडत आहे.

कर्नाटकात नववी-दहावीचे गणित आणि विज्ञान आता एन. सी. ई. आर. टी.च्या पुस्तकांनुसार आहे. याचा लाभ असा की मराठी माध्यमाचे पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक यांचे धडे एकमेकांशी जुळतात. नववीत मुलीने संकल्पना मराठीतूनच समजून घ्यावी. त्वरण म्हणजे काय हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आले की मगच तोच धडा इंग्रजीत वाचावा आणि त्यातील उदाहरणे इंग्रजीत लिहून सोडवावीत. पहिल्या दिवसापासून इंग्रजी पुस्तक हाती दिले, तर मूल व्याख्या पाठ करते आणि गणित तसेच राहते. शिकवणीला येणाऱ्या हुशार मुलांतही मी हेच पाहत आलो आहे. दहावीच्या दुसऱ्या सहामाहीपर्यंत विज्ञानाची उत्तरे इंग्रजीत लिहिण्याचा सराव झाला, तर पी. यू.चे (अकरावी-बारावीचे) पहिले वर्ष जड जात नाही.

जे. ई. ई. मेन्सची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते असे ऐकून काही पालक निश्चिंत होतात. ती मराठीतील प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावचे केंद्र घेतले तर ती नाही. त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागेल. कर्नाटकाची सी. ई. टी. तर मराठीत नसतेच. म्हणून इंग्रजी टाळण्याचा मार्ग शोधण्यात वेळ घालवू नये.

निपाणीकरांशी माझा मतभेद बारावीबाबत आहे. नववी आणि दहावी घरी होऊ शकते, पण विज्ञानाची बारावी घरी करणे मला पटत नाही. व्हर्निअर कॅलिपरने तारेचा व्यास मोजणे, अनुमापनात रंग नेमका कोणत्या थेंबाला बदलला हे ओळखणे, या गोष्टी हाताने केल्याशिवाय येत नाहीत, आणि जिला यंत्रांची आवड आहे तिच्यापासून तर प्रयोगशाळा दूर ठेवूच नये. शिवाय कर्नाटकात अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी लावताना सी. ई. टी.चे निम्मे आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे निम्मे गुण धरले जातात. बेळगावात विज्ञान शाखेची जुनी, चांगली पी. यू. कॉलेजे आहेत. तोपर्यंत औषधोपचाराने प्रकृतीला उतार पडला, तर दोन वर्षे टिळकवाडीत किंवा शहापुरात नातेवाइकांकडे राहून तिला ते जमू शकेल. मुक्त विद्यालयाच्या दहावीनंतर पी. यू.ला प्रवेश घेताना स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

कन्नडकडे दुर्लक्ष करू नका, हेही सांगतो. भाषावादातील आपली भूमिका काहीही असो; दहावीला कन्नड विषय नसेल, तर पुढे राज्य सरकारच्या नोकरीसाठी अर्ज करताना कन्नडची वेगळी परीक्षा द्यावी लागू शकते. घरी शिकणाऱ्या मुलांचा पहिल्यांदा सुटतो तो हाच विषय.

खानापूरची आई

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सुचविल्याप्रमाणे दहावीपर्यंत घरी आणि नंतर पी. यू. कॉलेज, असे आम्हा दोघांनाही वाटू लागले आहे. आणखी दोन शंका आहेत. चौदा वर्षांच्या आतील मूल शाळेतून काढले तर कायद्याची अडचण येते का? मुलीला चौदावे वर्ष पूर्ण व्हायला काही महिने आहेत. आणि बोटे आखडल्यामुळे तिला तीन तास सलग लिहिता येत नाही. परीक्षेत काही सवलत मिळते का?

दाखला-दप्तर

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि तो सहा ते चौदा वयोगटाला लागू होतो. कलम 10 नुसार मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. घरच्या शिक्षणाचा त्यात उल्लेख नाही आणि पालकांना दंडाची तरतूदही नाही. तरीही चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत तिचे नाव नववीच्या पटावर राहू द्यावे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज द्यावा. मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठीही किमान वय चौदा वर्षेच आहे, त्यामुळे यात काही गमवावे लागत नाही. कदाचित त्या काही महिन्यांत हजेरीबाबत शाळाच सवलतीने वागेल आणि एस. एस. एल. सी. शाळेतूनच देता येईल. ते झाले तर महाराष्ट्राच्या ‘ई’ प्रकाराचा प्रश्नही त्यातच सुटतो.

लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. प्रमाण त्याहून कमी असले, तरी लिहिण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना लेखनिक नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निर्णय आहे आणि 2022 मध्ये त्यासाठी स्वतंत्र सूचना निघाल्या होत्या. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून घ्यावे लागते. त्यावर ‘लिहिण्यास अडचण’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्या. नुसते आजाराचे नाव पाहून परीक्षा केंद्रावर लेखनिक देत नाहीत. परीक्षेचा अर्ज भरतानाच ही मागणी नोंदवावी लागते, म्हणून प्रमाणपत्राचे काम या दिवाळीच्या आत उरकावे.