पार्किंगमधलं भिंगरीचं घरटं वाचवायचंय, मदत हवी आहे

मंडळी, साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या छताला भिंगरीने मातीचं घरटं केलंय. आडव्या सुरईसारखं, तोंडाशी अरुंद बोळकांडी. चोचीतून आणलेल्या चिखलाच्या गोळ्या एकेक वेगळ्या दिसतात. पक्ष्याची कंबर तांबूस, पोटावर बारीक रेघा, म्हणजे लालबुडी भिंगरीच.

कमिटीतले एक काका म्हणतात, "पाहुणे पक्षी हे, थंडीपुरते येतात. आता कशाला असतील, पाडून टाका." ते माळभिंगरीचं खरं. ती हिवाळ्याला येते आणि अंडी घालायला हिमालयात नि त्याच्याही उत्तरेला परत जाते. लालबुडी मात्र इथेच, उन्हाळा-पावसाळ्यात पिल्लं काढते. आत्ता आतून चिवचिव चाललीय आणि सोमवारी रंगारी येणार!

पिल्लं उडायला तीन ते चार आठवडे लागतात. तेवढा कोपरा सोडून बाकीचं रंगवलं, तर परांचीला बिचकून आईबाप घरटं टाकतील का? खरी तक्रार गाड्यांवर पडणाऱ्या शिटेची आहे, पक्ष्यांशी कुणाचं वैर नाही. घरट्याखाली कुणी फळी ठोकलीय का? किती अंतर सोडलंत? आणि रिकामं घरटं तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी वापरतात का? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा प्लीज.