शब्दचर्चा : ‘प्रसामान्य वितरण’ – कोण वाटतं, काय वाटतं?

ऐरोली

नमस्कार. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळं इंग्रजीतून. संख्याशास्त्राचा पेपरही इंग्रजीतूनच द्यायचा आहे, पण एखादी गोष्ट मराठीत सांगता येत नाही तोवर ती मला कळली असं वाटत नाही. म्हणून रोज ठाण्याला जाताना गाडीत वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहीत असते. मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता, नमुना अवकाश हे शाळेतलेच निघाले. अडलं ते पुढे.

‘डिस्ट्रिब्यूशन’ला ‘वितरण’. वितरण म्हटलं की मला बक्षीस वितरण आठवतं, रेशनचं धान्य आठवतं, ‘महावितरण’चं बिल आठवतं. देणारा एक असतो, घेणारे पुष्कळ. फासा टाकल्यावर कोण कोणाला काय देतं?

दुसरा शब्द, ‘नॉर्मल’ला ‘प्रसामान्य’. नुसतं ‘सामान्य’ का नाही? ‘प्र’ लावून काय मिळवलं? गेल्या महिन्यात आईच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे चांदणी होती, म्हणजे तो ‘नॉर्मल’ नाही. त्या चांदणीपायी ती दोन रात्री झोपली नाही. पावसाच्या बातमीतही ‘नॉर्मल’ असतं आणि पुस्तकातला वक्रही ‘नॉर्मल’. हे तिन्ही एकच आहेत का?

आणि ‘शक्यता’ असताना ‘संभाव्यता’ कशाला, हेही कोणी सांगा.

नौपाडा, ठाणे

शेवटचं आधी, कारण ते सोपं आहे. ‘शक्यता’ हा होय-नाहीचा शब्द आहे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं वर्तमानपत्र लिहितं तेव्हा त्यात आकडा नसतो, नुसतं दार किलकिलं ठेवलेलं असतं. ‘संभाव्यता’ला आकडा लागतो, शून्य ते एकच्या मधला. बोलताना आपण ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ म्हणतो आणि कोणाचं अडत नाही, पण वहीत दोन शब्द वेगळे ठेव. जुन्या लिखाणात ‘संभवनीयता’ही सापडेल.

आता ‘वितरण’. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ‘सर, कोण वाटतंय?’ हा प्रश्न मुलं विचारायची, आणि पहिली काही वर्षं मी ‘तो नुसता पारिभाषिक शब्द आहे’ म्हणून पुढे जात असे. ते चुकलंच. शब्द चांगला आहे, फक्त काय वाटलं जातंय हे आपण सांगत नाही. वाटली जाते ती खात्री.

आपली भाषा हे आधीपासून म्हणत आली आहे. ‘सोळा आणे खरं’ म्हणजे पूर्ण खरं, रुपयात काहीही कमी नाही. काहीतरी घडणार हे सोळा आणे नक्की असतं. नाणं उडवलं तर छापा किंवा काटा पडणारच. त्या सोळा आण्यांतले किती कोणाच्या वाट्याला, याची यादी म्हणजे संभाव्यता वितरण. एका नाण्यात आठ आणे छाप्याला, आठ काट्याला. फाशात सहा वाटेकरी, सगळ्यांना सारखं. एखादा फासा एका बाजूला जड असला तर वाटणी बिघडेल, पण बेरीज सोळाच राहील. वाट्याला शून्य येईल, पण कर्ज कधी येणार नाही. बस्स, वितरणाच्या अटी एवढ्याच. बेरीज पूर्ण, आणि कोणताही वाटा उणे नाही.

आता चार नाणी घे आणि छापे मोज. चार नाण्यांच्या निष्पत्ती बरोबर सोळा, म्हणजे प्रत्येकीला एक आणा. एकही छापा नाही असं एकाच तऱ्हेनं होतं. एक छापा चार तऱ्हांनी, दोन छापे सहा तऱ्हांनी, तीन पुन्हा चार, आणि चारही छापे एकच. एक आणा, चार आणे, सहा आणे, चार आणे, एक आणा. फळ्यावर मी त्या त्या आकड्याच्या डोक्यावर तेवढी वर्तुळं काढायचो, एकावर एक. शेवटचं वर्तुळ काढून बाजूला झालो की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचंच, ‘सर, डोंगर!’ तुझा नॉर्मल वक्र तिथूनच निघतो. अब्राहम द म्वाव्र हा गणिती लंडनमध्ये १७३३ साली हेच करत होता. नाणी खूप झाली की तऱ्हा मोजणं हाताबाहेर जातं, म्हणून त्यानं त्या डोंगराच्या कडेवरून जाणारी गुळगुळीत रेषा शोधली.

‘प्रसामान्य’बद्दल उद्या लिहितो. त्याला जरा वेळ द्यायला हवा.

वाशी

सरांचं ‘वाटणी’ मला पटलं. बाजारसमितीत आमचा आंब्याचा गाळा आहे, त्यामुळे हा डोंगर मी दर वर्षी एप्रिलात बघतो, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. झाडावरचा हापूस न निवडता तोलला तर मधल्या वजनाची फळं सगळ्यात जास्त, अगदी लहान थोडी, अगदी मोठी थोडी. पण गाळ्यावर पेटी येते ती निवडूनच. मोठ्या फळाची पेटी चार डझनांची, मधल्याची पाच-सहा, बारक्याची त्याहून जास्त. पेटी उघडली की आतली फळं जवळपास एकसारखी. म्हणजे डोंगर तिकडे बागेतच कापला गेला, आमच्याकडे येतात त्याच्या फाका. एका पेटीवरून बागेचा अंदाज करणारा माणूस फसणारच.

शब्दाचं म्हणाल तर ‘डिव्हिएशन’ला ‘विचलन’ मला जड वाटतं. आम्ही ‘दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे’ म्हणतो. सगळा माल मिळून किती पसरलाय त्याला ‘पसारा’ म्हटलं तर?

कोपरखैरणे

ऐरोलीच्या ताईसाठी. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आईंना आधी हे सांगा की चांदणी म्हणजे आजार नव्हे. ती दिसली की डॉक्टरांना दाखवायचं, ते बाकीचं बघून ठरवतील.

बऱ्याचशा चाचण्यांच्या मर्यादा ठरवताना निरोगी माणसांची रक्तं तपासतात, आकडे चढत्या क्रमानं लावतात आणि मधले ९५ टक्के ठेवतात. खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के बाहेर. ती बाहेरची माणसंही निरोगीच असतात! म्हणजे धडधाकट माणसाच्याही एका चाचणीत चांदणी येण्याला वीसात एक जागा आहे. सरांच्या हिशेबानं मांडून बघितलं. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर निदान एक चांदणी येण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के. सव्वादहा आणे! लोक म्हणूनच मोठं पॅकेज करून आले की घाबरून फोन करतात.

आणि रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’चा त्या वक्राशी संबंध असेलच असं नाही. ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे रक्तातल्या एका चरबीचे, आकडे घंटेसारखे नसतात, त्यांची उजवीकडची शेपटी लांब असते. मर्यादा तरीही काढता येते. आता बऱ्याच रिपोर्टवर ‘नॉर्मल’ न छापता ‘रेफरन्स इंटरव्हल’ छापतात. मी फोनवर ‘संदर्भ मर्यादा’ म्हणते, लोकांना लगेच कळतं.

खारघर

पावसाच्या ‘नॉर्मल’चंही तसंच. हवामान खात्याच्या जिल्हावार तक्त्यात सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर म्हणजे ‘नॉर्मल’. मराठी बातमीत त्याला ‘सरासरीइतका’ लिहितात, तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. ती पट्टी खात्यानं ठरवलेली आहे, वक्रातून आलेली नाही. रोजच्या पावसाला तर घंटेचा आकार अजिबात नाही. पुष्कळ दिवस कोरडे, काही दिवस रिमझिम, आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. असल्या आकड्यांना डोंगराच्या मापानं मोजायला गेलं की धोका कमी दिसतो. गटारं त्या हिशेबानं बांधली तर तुंबणारच.

नौपाडा, ठाणे

खारघर आणि कोपरखैरण्याहून जे आलं, ‘प्रसामान्य’ शब्द त्याच्याचसाठी घडवला आहे. व्यवहारातल्या ‘सामान्य’ला तीन अर्थ चिकटलेत. नेहमीचं, साधारण दर्जाचं, आणि सगळ्यांना लागू होणारं. वक्राला यातलं काहीच म्हणायचं नाही. ‘प्र’मुळे निदान एवढं होतं की वाचणारा थबकतो आणि हा घरातला ‘सामान्य’ नव्हे हे ओळखतो. हिंदीनंही ‘प्रसामान्य’च घेतला, पुढे मात्र ‘बंटन’.

इंग्रजीत तो थबका नाही, आणि तिथे त्याचा त्रास झाला आहे. त्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या. काटकोन तपासायचं ते हत्यार. म्हणून भूमितीत ‘नॉर्मल’ म्हणजे लंब. आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या धड्यात त्यालाच ‘स्तंभिका’ म्हटलंय, आठवतं? एकाच इंग्रजी शब्दाला मराठीत जागेनुसार स्तंभिका आणि प्रसामान्य असे वेगळे शब्द आहेत, ही मला आपली श्रीमंती वाटते. या वक्राला आधी ‘चुकांचा नियम’ म्हणत. गाउस या गणितज्ञानं १८०९ मध्ये ग्रहताऱ्यांच्या वेधांतल्या चुकांसाठी तो वापरला. ‘नॉर्मल’ हे नाव १८७०च्या दशकात दोघातिघांनी स्वतंत्रपणे लावलं आणि कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानं ते रुळवलं. पुढे १९२० मध्ये त्यानंच लिहिलं की या नावाचा तोटा असा, की बाकीची सगळी वितरणं कशी तरी अपसामान्य आहेत असं लोकांना वाटू लागतं. ज्यानं नाव रुळवलं त्याचीच ही तक्रार.

वाशीकर, ‘पसारा’ छान आहे. पण घरचा पसारा आवरायचा असतो आणि हा आवरायचा नाही, मोजायचा आहे. ‘स्टँडर्ड डिव्हिएशन’ म्हणजे ‘प्रमाण विचलन’, आकडे मध्यापासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. त्यातलं ‘प्रमाण’ मला सोडवत नाही. प्रमाण वेळ, प्रमाण भाषा यांतलं ते प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी धरून चालायचं माप. मुलांना ते गुणोत्तर-प्रमाणातलं वाटतं, तेवढं समजावून द्यावं लागतं. एकदा हे माप हाताशी आलं की प्रसामान्य वक्राची वाटणी पाठच होते. मध्यापासून दोन्हीकडे एक प्रमाण विचलन गेलं की जवळपास अकरा आणे पदरात. दोन गेलं की सव्वापंधरा. तीन गेलं की सोळा आण्यांना जेमतेम अर्धी पै कमी. टक्क्यांत ६८, ९५ आणि ९९.७.

हे ‘दोन विचलनं’ नुसतं परीक्षेपुरतं नाही. उपाशी कोणाला म्हणायचं यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये गरिबीची रेषा माणशी रोज २,२५० कॅलरींवर धरली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक हलते, त्यामुळे सरासरीच्या खाली आला तो कुपोषित असं धरू नका, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा आणि मग रेषा ओढा. तेवढ्यानं उपाशी लोकांची संख्या खूप खाली आली आणि दांडेकरांना ते मान्य नव्हतं. शब्दाची व्याप्ती कुठपर्यंत, यावर किती ताटं मोजली जाणार हे ठरत होतं. मला अजूनही या वादात कोणा एकाची बाजू पूर्ण घेता येत नाही.

कळवा

मग ‘घंटाकृती वक्र’ म्हणूया की. सगळ्यांना दिसतो.

नौपाडा, ठाणे

कोणती घंटा, ते आधी ठरवू! आमच्या शाळेत घंटा म्हणजे पितळेची जाड थाळी, शिपाई लाकडी हातोड्यानं तिच्यावर टोल द्यायचा. ‘घंटाकृती’ म्हटल्यावर वर्गातल्या एका मुलानं वहीत चक्क गोल काढला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मग मी त्यांना कौपिनेश्वराच्या देवळातली टांगलेली घंटा आठवायला सांगितली. वर गोलसर माथा, मग खांदे खाली उतरतात, आणि काठाशी ओठ बाहेर वळतो. तो वळण्याचा बिंदू बोटानं चाचपता येतो. वक्राचा बाक जिथे बदलतो ती जागा मध्यापासून बरोबर एक प्रमाण विचलनावर असते, हे मुलं त्या घंटेमुळे कधी विसरली नाहीत.

फरक एकच. घंटेला काठ आहे, वक्राला नाही. तो दोन्हीकडे जमिनीच्या जवळ जवळ जात राहतो, टेकत कधीच नाही. आकारासाठी ‘घंटाकृती’ म्हणा. पण इतर वितरणांच्या वक्रांनाही घंटेचा आकार असू शकतो, म्हणून नेमकं सांगायचं तेव्हा ‘प्रसामान्य’च.

ऐरोली

सर, काका, ताई, सगळ्यांचे आभार. आईला चांदणीचं समजावलं. डॉक्टरांनीही तिचं ठीक आहे असंच सांगितलं.

रात्री चार नाणी घेऊन बसले आणि बत्तीस वेळा उडवली. सोळाच्या दुप्पट, म्हणजे २, ८, १२, ८, २ यायला हवे होते. आले ३, ७, १३, ८, १. चूक झाली असं वाटून पुन्हा मोजले, पण बरोबर होते. मग लक्षात आलं की आण्यांची वाटणी ठरलेली आहे, ती बत्तीस वेळांत तंतोतंत उतरेल असं कोणी म्हटलेलंच नाही. वहीत आता दोन रकाने केलेत, ‘संभाव्यता वितरण’ आणि ‘वारंवारता वितरण’. शाळेत दुसऱ्याची सारणी भरली होती, पहिलं त्याच्यामागे उभं आहे हे आत्ता कळलं.

एक अडचण. पाच नाण्यांचं करायला घेतलं तर बत्तीस वाटे पडतात. ते आण्यांत बसत नाहीत.

नौपाडा, ठाणे

बसतात. तुला १९५७च्या आधीचा हिशेब माहीत नाही म्हणून. एका आण्याचे चार पैसे, रुपयाचे चौसष्ट. पाच नाण्यांच्या प्रत्येक निष्पत्तीला दोन पैसे दे. सहा नाण्यांना एक एक. १, ६, १५, २०, १५, ६, १, बेरीज करून बघ. सातव्या नाण्याला मात्र पैसा मोडावा लागेल, आणि एका पैशाच्या तीन पै होतात, दोन नाही. तिथून पुढे दशांश चिन्ह वापर.