साताऱ्याचे सगळेच गिरणीत नव्हते

साताऱ्याकडचे पुरुष मुंबईत आले ते गिरणीतच लागले, असं मुंबईतल्या कामगारांवरच्या एका लेखात म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. गिरणगावात घाटावरचे पुष्कळ होते, मान्य. पण जावळी, पाटणकडचे कितीतरी जण मशीद बंदरच्या दाणाबाजारात हमाली करत. त्या लेखातल्या यादीत त्यांना ‘किरकोळ मजूर’मध्ये ढकललंय, ते मला अजिबात पटलं नाही. माझ्या चुलत्यांचा सगळा जन्म तिथे गेला. हातात लोखंडी हूक, पाठीवर शंभर किलोचं पोतं, ट्रकला लावलेल्या फळीवरून दिवसभर वरखाली. मानेमागची कातडी इतकी जाड झालेली की शर्टाची कॉलर नीट बसायची नाही. मजुरी टोळीची, हिशेब मुकादमाकडे.

पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ चा माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझी वाहणाऱ्या कामगारांचा, कायदा झाला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, या कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार द्यायचा. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी. आज या गाळ्यावर तर उद्या त्या, असं काम करणाऱ्या माणसाला हे मिळणं केवढी मोठी गोष्ट! पुढे घाऊक बाजार वाशीला हलला, तशा टोळ्याही तिकडे गेल्या.