‘कॉस्प्ले’ला सोंग म्हणावं का?

घणसोलीहून विचारणा:
सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मोठ्यांसाठी कॉस्प्लेची, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या एखाद्या पात्रासारखं हुबेहूब सजून येण्याची, स्पर्धा ठेवायची आहे आणि माहितीपत्रक मराठीत काढायचं आहे. ‘वेशभूषा स्पर्धा’ लिहिलं की लोकांना शाळेतले टिळक, झाशीची राणी आणि भाजीवाली आठवते. ‘कॉस्प्ले’ लिहिलं तर निम्म्यांना कळत नाही. नियमांमध्ये विग, आर्मर, प्रॉप, मास्क हे शब्द तर ओळीओळीला येतात. यांना चालतील असे मराठी शब्द आहेत का? आणि कॉस्प्ले ‘केला’ की ‘केलं’?

ठाण्याहून, रंगभूषेच्या बाजूने:
शब्द आहे आणि जुना आहे: सोंग. वेशभूषा म्हणजे फक्त अंगावरचं. सोंगात कपडे, तोंडाचा रंग, केस, चाल, आवाज, उभं राहायची ढब असं सगळं येतं, आणि कॉस्प्लेत परीक्षक हेच पाहतात. भारुडाचा एक प्रकारच ‘सोंगी भारूड’ म्हणून ओळखला जातो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला, पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. तिथे कागदाच्या लगद्याचे नाहीतर लाकडाचे मुखवटे चढवून एकेक देव-दैत्य नाचत येतो, त्याला ‘सोंगं नाचवणं’ म्हणतात. ‘रात्र थोडी, सोंगं फार’ ही म्हण रात्रभर चालणाऱ्या अशाच खेळांतली. ज्या भाषेत ही म्हण आहे तिने या कलेसाठी शब्द उसना घ्यायची गरज नाही.

नेरूळहून:
अर्थ पटतो, पण छटेचं काय? ‘झोपेचं सोंग’, ‘आजारपणाचं सोंग’, आणि घराबाहेर पडताना आईच्या तोंडून ‘हे काय सोंग केलंयस!’. तीन महिने खपून कवच बनवणाऱ्याला पत्रकात ‘सोंग’ वाचून वाईट वाटेल. दशावतारात किंवा कोकणातल्या शिमग्यात संकासुराचं सोंग म्हटलं की कोणाला काही खटकत नाही. शहरात खटकतं.

ठाण्याहून, पुन्हा:
छटा नामात नाही, क्रियापदात आहे. सोंग ‘घेणं’ म्हणजे समोरच्याला फसवणं. झोपेचं सोंग घेतात, काढत नाहीत. सोंग ‘काढणं’ किंवा ‘आणणं’ हे खेळासाठी. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’ या म्हणीत आणणं आहे ते म्हणूनच. आणि सोंग ‘वठणं’ ही तर शाबासकी. ‘करणं’ मात्र दोन्हीकडे जातं, म्हणून पत्रकात ते टाळा. ‘सोंग वठवणाऱ्यांसाठी खुली स्पर्धा’ असं लिहिलं तर कोणी दुखावणार नाही. ढोंगाशीही याची गल्लत नको. ढोंगात पाहणाऱ्याला ठाऊक नसतं, सोंगात ठाऊक असतं आणि तरी तो रंगून जातो. ‘वेषांतर’ तर अगदीच उलटं: तिथे ओळख लपवायची असते, इथे लांबूनच पात्र ओळखू यावं लागतं.

करणाऱ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न येईलच. ‘सोंगाड्या’ नको, तो तमाशातला विनोदी पात्र करणारा. ‘बहुरूपी’ जवळचा आहे, पण तो दारोदार फिरून पोट भरणारा कलावंत. त्याच्या व्यवसायाचं नाव हौशी माणसाला लावू नये असं माझं ठाम मत आहे. ‘सोंग काढणारा/काढणारी’ एवढं पुरे.

वाशीहून, भाषेच्या बाजूने:
कॉस्प्ले हा जपानीत घडलेला शब्द. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ यांची टोकं छाटून ‘कोसुपुरे’. नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८३मध्ये एका जपानी नियतकालिकातून रूढ केला. त्यातल्या ‘प्ले’ला मराठीत ‘खेळ’ जितका चपखल बसतो तितका दुसरा शब्द बसत नाही. पोरं खेळतात तो खेळ, नाटकाचा होतो तोही खेळ, आणि कोकणात नमन करणारे ते ‘खेळे’.

लिंगाबद्दल: परक्या शब्दाचं लिंग मराठीत बहुतेक वेळा मनातल्या जवळच्या मराठी शब्दावरून ठरतं. मनात ‘खेळ’ असेल तर ‘कॉस्प्ले केला’, ‘सोंग’ किंवा ‘नाटक’ असेल तर ‘केलं’. दोन्ही कानावर येतात. एका पत्रकात दोन लिंगं येऊ देऊ नका, इतकंच. सामान्यरूप होत नाही: कॉस्प्लेचा, कॉस्प्लेला, ‘कॅफे’सारखंच.

आणि वेश की वेष? दोन्ही शुद्ध. ‘वेशभूषा’ लिहिलंत तर पुढे ‘वेशांतर’ही तालव्य श घालूनच लिहा.

ऐरोलीहून, फोमकाम करणारा:
‘आर्मर’साठी सरसकट ‘चिलखत’ लिहितात ते खटकतं. चिलखत म्हटलं की कड्यांची जाळी डोळ्यांपुढे येते. पत्र्याच्या पाट्यांचं ते बख्तर. ‘जिरेबख्तर’ या जोडशब्दात दोन्ही आहेत, कारण फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचं विणकाम. जिरेटोपातलं ‘जिरे’ तेच. फोमच्या (योगा मॅटसारख्या घट्ट, लवचीक शीटच्या) पाट्या जोडून जे बनतं त्याला ‘कवच’ म्हणा. त्याचे भाग छातीचं कवच, खांद्याचं कवच, हाताला दस्ताना, डोक्याला शिरस्त्राण. हे शब्द सगळ्यांना कळतात.

बनवण्याची भाषा मात्र शिंप्याकडून घ्यावी, ती तयार आहे: बेतणं, खाका, अस्तर, माया. यातला ‘माया’ फार मोलाचा शब्द. शिवणीसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. फोमला माया सोडायची नसते, कारण कडेला कड भिडवून चिकटवतात. कापडाची सवय असलेले लोक इथेही अर्धा इंच सोडतात आणि मग काहीच जुळत नाही. फोममध्ये जास्तीचं माप ठेवायचं ते जाडीसाठी. डोक्याचा घेर ५८ सेंमी असेल आणि फोम १० मिमी जाड, तर ५८ चा पट्टा वाकवल्यावर आतली बाजू दबते आणि शिरस्त्राण कानाशी अडकतं. जाडीला ३.१४ ने गुणा, म्हणजे सुमारे ३ सेंमी वाढवा, ६१ ला कापा. आत स्पंजचं अस्तर द्यायचं असेल तर त्याचे आणखी दोन-अडीच सेंमी धरा. मी या वाढीव मापालाही ‘जाडीची माया’ म्हणतो. पत्रकात वापरायला हरकत नसावी.

खाका काढायचा तर डोक्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची, नाक-तोंड मोकळं ठेवून. वरून मास्किंग टेप लावायचा, त्यावर पेनाने जोडरेघा आखायच्या, दर ४-५ सेंमीवर आडव्या खुणा करायच्या आणि मग रेघांवर कापून सपाट करायचं. आडव्या खुणा विसरलात तर चिकटवताना दोन वक्र कडा सरकतात आणि शेवटी एक टोक बाहेर उरतं.

नेरूळहून:
चिकटवण्याचंही नियमांत यायला हवं. गणपतीत पाऊस असतो, आणि ऐन मंचावर सांधे सुटण्याचं मुख्य कारण तेच.

ऐरोलीहून:
खरं आहे. चपलेला वापरतात ते रबराचं सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि थांबायचं. कोरड्या हवेत १० ते १५ मिनिटं, पावसाळी दमट हवेत २० किंवा जास्त. बोट लावल्यावर ओलं लागता कामा नये, तेव्हाच दाबायचं. ओलं असताना जोडलं तर आतला द्रव अडकून राहतो, सांधा वरून धरलेला दिसतो आणि उन्हात किंवा घामाने उघडतो. खिडक्या उघड्या ठेवा, त्या वाफा वाईट.

रंगाआधी हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवायची. फोमचा बिनचमकीचा पृष्ठभाग किंचित चमकला की भोकं बुजली, तिथेच थांबायचं. पुढे गेलात तर कडा आक्रसतात. मग अस्तर, म्हणजे रंगाखालचं (हा ‘अस्तर’ रंगाऱ्यांचा, शिंप्यांचा नव्हे, पत्रकात ‘रंगाचं अस्तर’ असं लिहा). पांढरा गोंद पाण्यात पातळ करून तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. कोपर-गुडघ्यावर मात्र हा गोंद तडकतो, तिथे लवचीक रबरी थर हवा. आणि पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो, म्हणून शेवटी बाहेरून लॅकरचा हात चुकवू नये.

ठाण्याहून, रंगभूषेच्या बाजूने:
विगला नाटकवाले ‘टोप’ म्हणतात, बाईच्या लांब केसांच्या जोडाला ‘गंगावन’. टोप विकत घेताना उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा आहे का ते विचारा. साध्या नायलॉनी टोपाला केसांची इस्त्री लावली की तो वितळून गठ्ठा होतो. विंचरताना टोकाकडून वर यायचं. दाढी-मिशीचा स्पिरिट गम आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा, आणि काढताना ओढायचं नाही, त्याच्या द्रावणाने सोडवायचं. कपडे ठेवतात तो ‘कपडेपट’, भाड्याने देतो तो ‘ड्रेपरीवाला’. मेकअपच्या खोलीला ‘रंगपट’. गडकरी रंगायतनात काय किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात काय, ‘रंगपटात भेटू’ म्हटलं की नाटकवाल्याला पत्ता विचारावा लागत नाही. सोसायटीच्या क्लबहाऊसच्या दारावर ‘रंगपट’ अशी पाटी लावा, छान दिसेल.

वाशीहून, भाषेच्या बाजूने:
‘प्रॉप’चं राहिलं. रंगभूमीवर ‘प्रॉपर्टी’ रुळला आहे, पण सोसायटीच्या नोटिशीत प्रॉपर्टी म्हटलं की लोकांना फ्लॅट आठवेल. ‘नेपथ्य’ही चालणार नाही, आज त्याचा अर्थ मंचावरची दृश्यरचना. मुळात तसं नव्हतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाखाली (वेश, रंग, वस्तू यांनी साधायचा तो) नेपथ्याचे चार प्रकार आहेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अलंकार म्हणजे दागिने-वस्त्रं, अंगरचना म्हणजे रंग, संजीव म्हणजे मंचावर आणलेले प्राणी. आणि पुस्त म्हणजे बनवलेल्या प्रतिकृती. त्यातही जोडून केलेलं ते संधिम, यंत्राने हलणारं ते व्याजिम, गुंडाळून केलेलं ते वेष्टिम. फोमचं शिरस्त्राण संधिम, मोटारीवर उघडझाप करणारे पंख व्याजिम! इतकं नेमकं वर्गीकरण हाताशी असताना ते विसरलं गेलं याचं वाईट वाटतं. पण पत्रकात ‘पुस्त’ लिहिलं तर लोक पुस्तकाची चूक समजतील. तिथे ‘हातातली वस्तू’ लिहा आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेत पुस्त वापरून पाहा.

‘मास्क’ म्हणजे २०२० पासून नाका-तोंडावरची पट्टी. पूर्ण चेहरा झाकतो तो ‘मुखवटा’च. गौरींचे मुखवटे घरोघरी असतात, त्यामुळे शब्दाला आदर आहे.

घणसोलीहून:
मग असं लिहितो: ‘सोंग स्पर्धा (कॉस्प्ले). सोंग वठवणाऱ्या सर्वांसाठी खुली. टोप, मुखवटा, कवच स्वतः बनवलेलं असल्यास जास्त गुण. हातातली वस्तू धातूची नसावी, टोक बोथट असावं. रंगपट दुपारी ३ पासून उघडा.’ मुखवटा घातलेल्यांसाठी आणखी काही?

ऐरोलीहून:
दोन ओळी. एक, डोळ्यांच्या जागी काच असेल तर ती श्वासाने धुरकट होते. आत ५ व्होल्टचा छोटा पंखा काचेकडे तोंड करून, पॉवर बँकेवर. काचेऐवजी काळी जाळी लावली तर हा प्रश्नच नाही. दोन, मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही, म्हणून ‘मंचावर चढता-उतरताना प्रत्येकासोबत एक सोबती असावा’. ‘हेल्पर’ लिहू नका, लोक मंडपाचा कामगार समजतात. सोबत्याच्या पिशवीत सोल्यूशनची छोटी ट्यूब, कात्री, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि स्ट्रॉ घातलेली पाण्याची बाटली, कारण शिरस्त्राण चढवल्यावर पेला तोंडाला लागत नाही.